चालकाशी बोलू नये

चांगदेवने तिसरा खिळा ठोकला, तोच मागून आवाज आला की पाटी डावीकडे कलली आहे.

आवाज सावळारामचा होता. समोरच्या किराणा दुकानातून उठून, रस्ता ओलांडून तो खास एवढं सांगायला आला होता. त्याच्यामागून आणखी दोघे आले. एकाच्या मते पाटी अजून हातभर वर हवी होती, दुसऱ्याच्या मते भिंतच चुकीची निवडली होती. चांगदेव स्टुलावर उभा राहून सगळं ऐकत होता. चौथा खिळा त्याने दातांत धरला होता, म्हणून तो काही बोलला नाही, नाहीतर बोलला असता.

पाटी म्हणजे चांगली जाड लाकडी फळी होती, पांढरा रंग दिलेली. तिच्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं : गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये.

ओतूरच्या पेंटरकडून त्याने ती एसटीत असते तशीच्या तशी करून घेतली होती. बत्तीस वर्षं ही ओळ त्याच्या डोक्यावर होती आणि बत्तीस वर्षांत एकाही प्रवाशाने ती मानली नव्हती. माळशेज घाट लागला की मागून कुणीतरी म्हणणार, जरा हळू घ्या. घाट संपला की तोच माणूस म्हणणार, आता तरी पळवा. स्टिअरिंग एकाच्या हातात आणि गाडी चालवणारे पन्नास. निवृत्त होऊन त्याने डिंगोऱ्यात कल्याण रस्त्याला लागून घर बांधायला घेतलं, तेव्हा त्याला वाटलं होतं, आता प्रवासी उतरले. कसले उतरतात. सगळे येऊन त्याच्या पायाच्या खड्ड्याशी उभे राहिले.

जोतं उंच झालं, इथे काय पूर येणार आहे? खिडक्या रस्त्याकडे ठेवल्या, आता खा धूळ. स्लॅब टाकला, उन्हाळ्यात भाजून निघाल. पत्रा टाकला असता, तर जन्मभर सरकारी नोकरी करून शेवटी पत्राच का, असं म्हणाले असते. लोणीहून त्याचा साडू वास्तुशास्त्राचं पुस्तक आणि होकायंत्र घेऊन आला आणि संडासाच्या चार विटा रचल्या होत्या तिथे उकिडवा बसून मान हलवत राहिला. ज्यांच्या स्वतःच्या भिंतींना दहा वर्षांत गिलावा लागला नव्हता, ते वाळू-सिमेंटचं प्रमाण सांगून जात. चांगदेवला हे लागायचं. हे घर त्याने कल्याणच्या मुक्कामाच्या फेऱ्यांत, गाडीतल्या बाकावर आडवं पडून, खोलीखोलीने मनात बांधून ठेवलेलं होतं. जेवताना कुणाचं तरी वाक्य आठवलं की त्याचा घास हातातच राहायचा.

शेवटी बहिरू गवंड्यानेच त्यावर इलाज काढला. बहिरू म्हातारा होता, कमी बोलायचा आणि लोकांच्या तोंडाला त्याच्याइतकं कुणी ओळखलं नव्हतं.

"काळी भावली बांदलीया ती नजरंसाटी," तो म्हणाला. "तोंडासाटी काय बांदलंय? लोकास्नी बोलाया एक जागा ठेवा. मी परत्येक घरात ठेवतो. समदं बोलनं तितंच जिरतं."

मग दोघांनी मिळून खोट ठरवली. पुढच्या दाराला तीन पायऱ्या होत्या. खालच्या दोन बहिरूने वीतभर उंचीच्या केल्या आणि उंबऱ्यापुढची तिसरी जवळजवळ दोन वितींची. चढणारा हमखास तिथे अडखळायचा, म्हणायचा, "पायरी उंच झाली राव," आणि एक चूक पकडल्याच्या समाधानात आत जाऊन मुकाट्याने चहा प्यायचा. खिडक्या सुटल्या, स्लॅब सुटला, संडासाची दिशाही सुटली. चांगदेव मनातल्या मनात हसायचा आणि बहिरूला दुवा द्यायचा. वर्षभरात लोकांना पायरीचाही कंटाळा आला.

एकट्या गेणभाऊला आला नाही. पाटी सगळ्यांसाठी म्हणून लावली होती, पण खरं तर ती त्या एकासाठी होती.

गेणभाऊ त्याचा शाळेपासूनचा मित्र आणि एकोणीस वर्षं त्याच्याच गाडीवरचा कंडक्टर. ती एकोणीस वर्षं एकाने बसून आणि एकाने उभ्याने काढली होती. आता रोज सकाळी आठ वाजता गेणभाऊ मळ्यातून सावकाश चालत यायचा, रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बसायचा आणि दाराकडे पाहून म्हणायचा, "पायरी लई उंच केलीस, चांगदेवा." चांगदेवची बायको कुशाबाई चहा खाली आणून द्यायची. तो पिऊन, इकडतिकडचं बोलून गेणभाऊ जायचा. दोन वर्षं हेच चाललं होतं.

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर चांगदेवला हसू आलं असतं. गेणभाऊकडून मात्र त्याला एकच वाक्य हवं होतं, की घर चांगलं झालं. आणि हा गडी घरात पाऊलच टाकत नव्हता. वास्तुशांतीच्या दिवशीसुद्धा तो मांडवात पंगती वाढत राहिला. चल, घर दाखवतो, असं चांगदेव तीनदा सांगायला गेला आणि तिन्ही वेळा त्याने सांगितलं, आधी माणसं जेवू दे. हे चांगदेवने मनात धरून ठेवलं होतं.

त्या दिवशी पाटी लागली आणि थोड्या वेळाने गेणभाऊ आला. त्याने पाटी वाचली, कट्ट्यावर बसला. सावळाराम आणि ते दोघे अजून रेंगाळतच होते, चांगदेव स्टुलावर उभा राहून पाटी पुसत होता. कुशाबाईने चहा आणून दिला. गेणभाऊने अर्धा कप संपवला, दाराकडे पाहिलं आणि म्हणाला, "पाटी झ्याक हाय. पायरी मातर तशीच."

सावळाराम मोठ्याने हसला. चांगदेव स्टुलावरून खाली उतरला.

"दोन वर्सं झाली, गेणा," तो म्हणाला. "उंबरा वलांडायला तुला जमत न्हाई आन बाहीर बसून खोडी काडतोस. माजं घर बगवत नसंल तर नको येत जाऊ."

सावळारामचं हसणं थांबलं. गेणभाऊने उरलेला चहा तसाच ठेवला, कप नीट बशीच्या मधोमध ठेवला आणि कट्ट्यावर हात टेकून उठला. उठायला त्याने बराच वेळ घेतला. चांगदेवला वाटलं, चार माणसांनी बघावं म्हणून मुद्दाम घेतोय. मग तो आला होता तसाच सावकाश मळ्याकडे निघून गेला.

पंधरा दिवस तो फिरकला नाही. असं बोलायला नको होतं, असं कुशाबाईने एकदाच सांगितलं, तर चांगदेवने तिला पाटी दाखवली. त्यानंतर ती त्याच्याशी कामापुरतंच बोलू लागली. तो मात्र सगळ्यांना सांगत होता, की आता कुठे घरात शांतता आहे.

मग एका बाजाराच्या दिवशी तो चष्म्याची काडी बसवायला ओतूरला गेला. काम झाल्यावर स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा घेऊन बसला असताना त्याला पलीकडे गेणभाऊ दिसला. हातात पिशवी घेऊन तो फलाटावर उभा होता. चांगदेवने खुर्ची थोडी मागे, खांबाआड घेतली.

कल्याणची गाडी लागली. बाजाराची गर्दी दारावर तुटून पडली. गेणभाऊ बाजूला थांबून सगळ्यांना चढू देत होता, कंडक्टर होता तेव्हा थांबायचा तसाच. शेवटचा माणूस आत गेल्यावर त्याने दारातला दांडा धरला आणि डावा पाय पायरीवर ठेवला. उजवा जमिनीवरून सुटेना. त्याने जोर केला, कमरेतून वर ओढून पाहिलं, पुन्हा पाय खाली घेतला. दुसऱ्यांदा तेच. वरून कंडक्टर पोरगा म्हणाला, "चला बाबा, आवरा." गेणभाऊने घड्याळात पाहिलं, मागे वळून कुणाची तरी वाट बघत असल्यासारखं स्टँडच्या फाटकाकडे पाहिलं आणि हाताने गाडीला जा म्हणून खूण केली. दोनदा घंटी झाली, गाडी निघून गेली. फाटकातून कुणीही आलं नाही.

थोड्या वेळाने तो सहा सीटर रिक्षा उभ्या होत्या तिकडे गेला. मागच्या बाकाच्या कडेला आधी बसला, मग उजवा पाय दोन्ही हातांनी मांडीखाली धरून, पोतं उचलावं तसा उचलून आत घेतला.

चांगदेवच्या चहावर साय धरली. हाच माणूस गाडी पुरती थांबायच्या आत खाली उडी टाकायचा. एकेका फेरीत पंचवीस थांबे, प्रत्येक थांब्याला खाली आणि वर, एकोणीस वर्षं. आणि आपण पुढे बसून आरशात बघायचो, दार लागलं का.

मग त्याला दुसरी गोष्ट सुचली आणि ती जास्त लागली. गेणभाऊ कधीच खिडक्यांबद्दल बोलला नव्हता. स्लॅबबद्दल नाही, गिलाव्याबद्दल नाही. कसा बोलणार, त्याने घर पाहिलंच नव्हतं. दोन वर्षांत त्याने एकच गोष्ट सांगितली होती, तीही रोज आणि अगदी सरळ शब्दांत. आणि आपण त्याला चारचौघांत म्हणालो, उंबरा ओलांडायला तुला जमत नाही. चांगदेवला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच सहा सीटरने त्यालाही जायचं होतं, पण ती गेल्यावरच तो हॉटेलातून उठला.

दुसऱ्या दिवशी त्याने बहिरूला बोलावलं आणि तिसऱ्या पायरीपुढे मधली एक पायरी घालायला सांगितली. बहिरूला ते पटलं नाही. खोट बुजवली की तोंडं पुन्हा घरभर फिरतील, असं त्याचं म्हणणं होतं.

"फिरू दे," चांगदेव म्हणाला.

काँक्रीट ओतायला पुढून आडवी फळी लागणार होती. बहिरू इकडेतिकडे शोधू लागला, तेव्हा चांगदेवने भिंतीवरची पाटी उपसली आणि त्याच्या हातात दिली.

दुपारपर्यंत गावाला कळलं. सावळाराम गल्ला सोडून आला. "ऐकलंत म्हना शेवटी," तो म्हणाला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारून पायरी दाखवू लागला. जो तो म्हणायचा, मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. साडूने लोणीहून फोन केला, की पायऱ्या सम झाल्या, आता त्या पुन्हा विषम कराव्या लागतील. चांगदेवने ठरवल्याप्रमाणे प्रत्येकाला एकच उत्तर दिलं, की गुडघा धरलाय, मलाच चढवत नाही. मग गुडघ्याची पाळी आली. कुणी तेल सांगितलं, कुणी पाला, कुणी वजन उतरवायला सांगितलं. सावळाराम म्हणाला, जन्मभर बसून नोकरी केली की दुसरं काय होणार. हे ऐकून चांगदेवची कानशिलं तापली. पण तो हो म्हणाला, आणि सगळ्यांदेखत भिंत धरून लंगडत घरात गेला.

पायरी वाळल्यावर तो मळ्यात गेला. गेणभाऊ गोठ्यापुढे शेंगा फोडत बसला होता. त्याने एकदा वर पाहिलं आणि पुन्हा सुपाकडे वळला.

"पायरी बुटकी केली," चांगदेव उभ्यानेच म्हणाला. "मदी एक घातली."

"का?"

"गुडगा. चडवंना मला."

"कोन्ता?"

"डावा. क्लच दाबून दाबून गेला."

गेणभाऊने एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, टरफल बाजूला टाकलं.

"लोकं काय म्हनली?"

"म्हनली लई."

"म्हननारच," गेणभाऊ म्हणाला. पुढची शेंग त्याने नुसतीच बोटांत फिरवली. "सकाळी येतो."

सकाळी आठला तो आला. कट्ट्यापाशी क्षणभर थांबला, पण बसला नाही. समोर दुकानाच्या फळीवर सावळाराम चुना मळत बघत होता. चांगदेव पुढे झाला आणि भिंतीला हात लावून, पाय ओढत एकेक पायरी चढू लागला. दुकानातून कुणीतरी म्हणालं, ड्रायव्हर म्हातारा झाला. चांगदेवने मागे वळून पाहिलं नाही, दुकानाकडे नाही आणि गेणभाऊकडेही नाही. तो फक्त ऐकत होता. मागे एक पाऊल वाजलं, मग दुसरं त्याला येऊन मिळालं. थोडं थांबून पुन्हा एक. असं चारदा झालं.

आत येऊन गेणभाऊ खिडकीखालच्या खुर्चीत बसला. त्याचा श्वास जागेवर येईपर्यंत चांगदेव पंख्याचं बटण चाचपत राहिला. मग गेणभाऊने घर बघायला सुरुवात केली. आधी वर स्लॅबकडे, मग भिंतींकडे, कोपऱ्यातल्या देवळीकडे, स्वयंपाकघराच्या दाराकडे. रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि खिडकीतून धुळीचा लोट आत आला, तोही त्याने पाहिला. चांगदेव समोर उभा होता. गेणभाऊने काहीतरी चूक काढावी, कसलीही, असं त्याला फार वाटत होतं.

कुशाबाईने दोन कप आणून मध्ये ठेवले. गेणभाऊने चहा बशीत ओतला, फुंकर घातली, प्यायला.

"डावा म्हनला व्हतास ना?" त्याने विचारलं.

"हां. डावा."

"आन लंगडत व्हतास उजव्या पायानं." गेणभाऊने बशी खाली ठेवली. "उजवा माजा हाय."

चांगदेव त्याच्यासमोर खाली जमिनीवरच बसला.

"चुकलं," तो म्हणाला.