बहात्तर अंश

अंबरनाथच्या एमआयडीसीत रंगाचे कारखाने ढिगानं होते, पण १९९२ साली कॉम्प्युटर आला तो सुदाम ऑपरेटर होता त्या कारखान्यात. आला म्हणजे काय, वरातच आली. त्याच्यासाठी काचेची केबिन, केबिनीला एसी. चौदा वर्षं रंग शिजवणाऱ्या रिॲक्टरपाशी उकडून निघालेल्या ऑपरेटरांना साधा पंखा मागून मिळाला नव्हता. याला न मागता गारवा. असो. ज्याचं त्याचं नशीब.

कॉम्प्युटरबरोबर मुंबईच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून नीलिमा नावाची मुलगी आली. कॉलेज आणि कंपनी मिळून ऑपरेटरसाठी एक शहाणा पडदा तयार करणार होते. रिॲक्टरचे नऊ आकडे एकदम डोळ्यांवर फेकायचे नाहीत. ज्यांच्याकडे लक्ष द्यायला हवं तेवढेच कॉम्प्युटरनं निवडून मोठे दाखवायचे. कोणते निवडायचे हे त्याला कुणी सांगणार नव्हतं. ऑपरेटरांनी तासातासाला भरलेली जुनी लॉगशीटं वाचून तो आपलं आपण शिकणार होता. नीलिमानं दोन वर्षांची लॉगशीटं पोत्यात भरून नेली आणि चार महिने बसून आकडा न् आकडा त्याच्या पोटात घातला.

मधूनमधून ती सुदामपाशी स्टूल ओढून बसायची. "दादा, तुमची नजर आधी कुठं जाते?" असं तिनं विचारलं तेव्हा सुदाम गडबडलाच. त्याच्या नजरेची चौकशी आजवर बायकोनंही केली नव्हती.

"नजर नाय मॅडम, कान," तो म्हणाला. "आतला माल ढवळायचा पंखा जड फिराया लागला का मी वाफ बंद करतो."

तिनं ते वहीत लिहून घेतलं. सुदामला ती पोरगी भाचीसारखी आवडायला लागली.

चाचणीच्या दिवशी दुपारी मॅनेजर गुप्ते साहेब केबिनीत आले. पडदा उजळला. प्रेशर मोठ्या अक्षरांत, पाण्याचा प्रवाह, पंख्याचा लोड. सुदाम बघत राहिला, मग म्हणाला, "मॅडम, टेंपरेचर कुठंय?"

"तीच तर गंमत आहे!" नीलिमाचा चेहरा फुलला होता. "दोन वर्षांत ते एकदाही हललेलं नाही. बहात्तर म्हणजे बहात्तर. जे बदलतच नाही ते माणसाला कशाला दाखवायचं? हे मी नाही, यानंच ठरवलं."

"शिस्त आहे आमची," गुप्ते साहेब म्हणाले.

सुदामनं पडद्यावरून नजर काढली. शिस्त कसली डोंबलाची! पाळीवर आलं, चहा झाला की टेंपरेचरचे आठही तासांचे चौकोन एका दमात भरून टाकायचे: बहात्तर, बहात्तर, बहात्तर. सहा वर्षांपूर्वी दौलतराव नावाच्या ऑपरेटरनं इमानदारीत काट्यावरचं एकोणऐंशी लिहिलं, तर बहात्तर का राखलं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात मेमो. त्यानंतर कुणाच्याही पेनातून दुसरा आकडा उतरला नाही. खाली गुप्ते साहेबांची सही रोज, न वाचता.

एवढंच असतं तर सुदाम गप्प बसला असता. पण बारकू होता. बारवीकडच्या वाडीतला हा हेल्पर रिॲक्टरच्या तोंडातून पावडर टाकायचा. गेल्या वर्षी आतला माल उतू आला आणि त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. चौकशी झाली. त्या तासाला लॉगशीट सांगत होतं बहात्तर, सुदामच्या अक्षरात. म्हणजे रिॲक्टर ठीक. बारकूनंच पावडर घाईनं ओतली असणार. बारकूनंही ते मान्य केलं. "कागूद खोटं कशाला बोलंल, दादा? मीच घाई केली आसंल." सुदामनं त्याला चहा पाजला होता. दुसरं काही सुचलं नव्हतं.

आणि आता तोच बारकू, त्याच तोंडापाशी. वर केबिनीत बसणाऱ्याला तो आकडा दिसणारसुद्धा नाही. बोललो तर नोकरी जाईल, आणि या पोरीची मेहनत मातीत जाईल. सुदामला दोन्हींची भीती वाटली, आणि तरी तोंडातून निघून गेलंच.

"मॅडम, ते आकडं खरं नाय. आम्ही बघून नाय लिवत. पाळीवर आलं का एकदमच भरून ठेवतो."

"सुदाम! काय बोलतोयस कळतंय का तुला?" गुप्ते साहेब ओरडले.

"कळतंय साहेब. आज पयल्यांदा कळतंय."

नीलिमा पडद्याकडे वळली. तिचे डोळे भरून आले होते. तिनं चष्मा काढून पुसला, परत लावला आणि दोन-चार बटणं दाबून दडलेलं टेंपरेचर पडद्यावर आणलं. अठ्ठ्याहत्तर. साहेबांनी ते वाचलं आणि मान खाली घातली.

तेवढ्यात अर्धवट उघडं दार वाजलं. सँपलची बाटली घेऊन बारकू दारात उभा होता. तो कधीपासून उभा होता कुणाला ठाऊक, पण त्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं बाटली डाव्या हातात घेतली. उजवा हात पुरता वळत नसे. रागावला असता तर सुदामला बरं वाटलं असतं. पण त्याच्या चेहऱ्यावर वर्षभराचं ओझं उतरल्यासारखी आशा होती.

"मंग त्या दिशी खरं किती व्हतं, दादा?"

सुदामनं तोंड उघडलं. खरा आकडा आपण लपवून ठेवलाय असंच त्याला वर्षभर वाटत आलं होतं. पण त्या दिवशी त्यानं टेंपरेचरच्या काट्याकडे पाहिलंच नव्हतं.