फेसाची वाट पाहणारा गीझर

मित्रांनो, मी न्हाणीघराच्या भिंतीवरचा एक जुना गीझर आहे आणि मी सूड घेतलेला आहे. आधीच सांगितलेलं बरं.

मला टाकी नाही. नळ सोडला की पाणी माझ्या पोटातल्या नळीतून धावतं आणि धावता धावता तापतं. मला बसवलं तेव्हा मेकॅनिक या घरच्या बाबांना म्हणाला होता, "साहेब, तुमचं पाणी फार जड आहे. आत क्षार साठतात. दर सहा महिन्यांनी व्हिनेगर फिरवून याला धुवायचं."

"दिवसभर गरम पाण्यात असतो, त्याला आणखी कसली अंघोळ?" बाबा म्हणाले आणि स्वतःच हसले.

चार वर्षं मी क्षार गिळले. घसा आवळत गेला. लाल दिवा लुकलुकवून मी गाऱ्हाणं मांडलं, तर बाबांनी दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. "झालं दुरुस्त!"

त्या दिवसापासून मी बाबांच्या डोक्याला साबण लागायची वाट पाहू लागलो. फेस डोळ्यांपर्यंत उतरला की मी विझायचो आणि पाणी गार पडायचं. फक्त बाबांसाठी. ते सतत एकच सूर धरून गुणगुणत, त्यामुळे ओळखायला सोपे. आजीला मात्र जीव तोडून गरम पाणी द्यायचो, कारण माझ्यावरची धूळ पुसणारी या घरात ती एकटीच.

"हा माझ्यावर डूख धरून आहे," बाबा टॉवेलात कुडकुडत सांगायचे.

"गीझर? डूख?" आई म्हणायची. "मग माफी मागा त्याची."

त्यांनी एकदा खरंच मागितली, दार लावून, हळू आवाजात. मी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि विझलो.

मग माझ्या हातून घोटाळा झाला. एका सकाळी बाबा बाहेर आरशासमोर दाढी करत गुणगुणत होते. वाफेत मला नीट दिसेना. वाटलं, आतच आहेत. फेस दिसला, मी विझलो. किंकाळी आजीची आली.

दोन दिवस ती गारठून अंथरुणात कण्हत होती. मित्रांनो, त्या दोन दिवसांत मला स्वतःचीच लाज वाटली.

"भंगारात काढा याला!" बाबा गरजले. मेकॅनिक आला. त्याने माझी नळी सोडवून आपटली, तसे पांढरे खडे खळाखळा पडले. "हवं तर फेका, साहेब. पण नवीन गीझरही हेच पाणी पिणार."

आजी शाल गुंडाळून दारात आली. तिने चिकटपट्टी नखाने सोलली आणि बाबांच्या तळहातावर चिकटवली. "याचं तोंड कुणी बंद केलं? तूच ना? मग धू आता तूच."

बाबा तासभर स्टुलावर बसून माझ्या पोटातून व्हिनेगर फिरवत राहिले. घसा मोकळा झाला. आजीची मी मनोमन क्षमा मागितली. बाबांना अजून पुरतं माफ केलेलं नाही, पण पाणी गरम देतो.

म्हणून सांगतो, यंत्रांची काळजी घ्या. प्रेमाने जमत नसेल तर भीतीने घ्या.

काल माझ्या शेजारी नवं वॉशिंग मशीन आलं. त्याने हळूच विचारलं, "इथली माणसं कशी आहेत?"

"चांगली आहेत," मी म्हणालो. "पण शिकवावी लागतात."