सगुणाचं अडलेलं अंडं

नीरजाबाईंनी आयुष्यात कधी अंडं खाल्लं नव्हतं, आणि कोंबडी पाळायचा विचार तर त्यांच्या घराण्यात कुणाला स्वप्नातही शिवला नसता. तरी भिलाईच्या सेक्टर दोनमधल्या त्यांच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात सगुणा नावाची तांबूस, गोलमटोल कोंबडी राहत होती. ती तिथे आली होती ती निव्वळ स्वतःच्या मर्जीने.

झालं असं, की मागच्या ओळीतले ओमप्रकाशजी रिटायर होऊन गावी निघाले. सामानाच्या गाडीत त्यांच्या सगळ्या कोंबड्या टोपल्यांखाली बसल्या, फक्त ही एक जामाच्या, म्हणजे पेरूच्या, झाडावर चढली आणि कुणी कितीही च्यक च्यक केलं तरी उतरली नाही. गाडी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी कोंबडीबाई मेंदीच्या कुंपणातून आत आल्या, कोथिंबिरीच्या कुंडीत बसल्या आणि एक अंडं देऊन मोठ्याने ओरडू लागल्या.

नीरजाबाईंनी दुर्गच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी वैभवी पुण्याला नोकरीत. अंड्याचं करायचं काय, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. ते रुमालात धरून त्या शेजारच्या क्वार्टरपाशी गेल्या. तिथे उमाकांतराव राहायचे. मूळचे वर्धेकडचे, स्टील प्लांटच्या ब्लास्ट फर्नेसमधून रिटायर झालेले, बायको गेल्यापासून एकटे. तोवर दोघांची ओळख नळाला पाणी आलं का, एवढ्यापुरतीच होती.

"हे तुमचं आहे का?" नीरजाबाईंनी रुमाल उघडून विचारलं.

उमाकांतरावांनी अंड्याकडे नीट पाहिलं. "माझं कसं असन जी मॅडम? मी तं अंडे देत नाही."

नीरजाबाई तिथे फक्त हसल्या. घरी येऊन चहा ठेवताना मात्र त्यांना पुन्हा आठवलं आणि त्या इतक्या हसल्या की दूध उतू गेलं.

तेव्हापासून सगुणाचं अंडं कुंपणावरून पलीकडे जाऊ लागलं आणि पलीकडून वालाच्या शेंगा, कढीपत्ता, कधी दुरुस्त केलेला कुकरचा दांडा अलीकडे येऊ लागला. अंडं पलीकडे पोचवायला लागणारा वेळ हळूहळू वाढत गेला. आधी ते उभ्या उभ्या व्हायचं, मग नीरजाबाई चहाचा कप घेऊन यायला लागल्या, मग दोन कप.

त्या हिवाळ्यात सगुणाचं काहीतरी बिनसलं. अंडी पातळ सालीची यायला लागली. एक तर बिनसालीचंच आलं, हातात घेतलं की पाण्याच्या फुग्यासारखं डुचमळणारं. नीरजाबाई घाबरल्या. मग लक्षात आलं, की लाडापायी आपण तिला भात, पोळी आणि चहात बुडवलेली बिस्किटं खाऊ घालतो आहोत, त्यात चुन्याचा अंश म्हणून नाही. उमाकांतरावांनी आपल्या घरची अंड्यांची टरफलं वाळवून मिक्सरमधून काढली आणि डबाभरून आणून दिली. सगुणाने ती चाखली आणि पुन्हा बिस्किटाकडे मान वळवली.

आणि संक्रांत तोंडावर आली असताना एका सकाळी ती खुराड्याच्या कोपऱ्यात पिसं फुगवून उभी दिसली. शेपूट खाली, डोळे अर्धे मिटलेले. कुंडीत जाऊन बसायची, जोर करायची, उठायची, पाय फाकवून दोन पावलं चालायची, पुन्हा बसायची. ओरडत नव्हती. एरवी जिच्या आवाजाने गल्ली जागी व्हायची, ती गप्प पाहून नीरजाबाई कुंपणाकडे धावल्या. त्यांनी कुंपणावरून हाक मारली, आणि पहिल्यांदाच ती नुसत्या नावाने मारली गेली. उमाकांतराव उलटा स्वेटर घालून आले.

त्यांनी सगुणाच्या पोटाखाली अलगद बोटं लावली. आत काहीतरी टणक लागत होतं.

"अंडं अडकलं जी," ते म्हणाले. "आमच्या फर्नेसचं टॅप होल असंच जाम व्हाचं. लोखंड आत तयार, पण बाहेर येऊन नाही राहिलं."

"मग तुम्ही काय करायचात?"

"ड्रिल लावाचो."

नीरजाबाईंचा चेहरा पाहून त्यांनी घाईने सांगितलं, की इथे ड्रिलचं काम नाही, इथे फक्त शेक द्यायचा. नीरजाबाईंनीही कुठेतरी तेच वाचलं होतं. मग पापडाचं पीठ भिजवायचा प्लास्टिकचा टब निघाला, गॅसवर पाणी तापलं, दोघांनी आळीपाळीने कोपर बुडवून पाहिलं. उमाकांतरावांच्या मते पाणी गार होतं, नीरजाबाईंच्या मते कढत. फर्नेसवर जन्म काढलेल्या माणसाच्या कातडीवर भरवसा ठेवायचा नाही असं ठरलं आणि गार पाणी मिसळलं.

सगुणाला पोटापर्यंत पाण्यात बसवलं. आधी तिने पंख आपटून दोघांनाही भिजवलं. मग ऊब अंगात शिरली तशी ती सैल पडली, मान खाली घातली आणि एखादी आत्याबाई लग्नघरी दुपारी डुलक्या घेते तशी डुलायला लागली. टबाच्या एका बाजूच्या पाटावर नीरजाबाई, दुसऱ्या बाजूच्या पाटावर उमाकांतराव, कोंबडी कलंडू नये म्हणून दोघांचे हात पाण्याखाली. तिथे बोटाला बोट लागलं. दोघांनीही हात काढून घेतला नाही, कारण कोंबडी कलंडली असती. निदान दोघांनी स्वतःला कारण तेच दिलं.

अंडं काही आलं नाही. वैभवीच्या जुन्या हेअर ड्रायरने सगुणाला वाळवलं, तर ती सावरीच्या कापसासारखी फुलून दुप्पट झाली. इतक्या काळजीतही नीरजाबाईंना हसू आवरेना. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कशाचं हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही. तेव्हा उमाकांतराव म्हणाले, की आता आपली अक्कल पुरे, दुर्गच्या जनावरांच्या दवाखान्यात जाऊ.

निघाले ते उमाकांतरावांच्या स्कूटरवर. नीरजाबाई कितीतरी वर्षांनी कुणाच्या मागे स्कूटरवर बसत होत्या. मांडीवर शालीत गुंडाळलेली सगुणा, बाहेर फक्त तिचं डोकं. रस्त्यात ब्रेकर आला की उमाकांतराव स्कूटर इतकी हळू करायचे की सायकलवाले पुढे जायचे. खड्डा आला की आधी सांगायचे. थंड वारा तोंडावर येत होता, उन्हात रस्ता चकाकत होता, आणि मांडीवर आजारी जीव असूनही आपल्याला गाणं का म्हणावंसं वाटतं आहे, याची नीरजाबाईंना लाज वाटत होती.

दवाखान्यात गुंजन नावाची तरुण डॉक्टर होती. रांगेत दोन बकऱ्या आणि एक चिडलेलं मांजर, पण तिने सगुणाची मान पाहूनच आत घेतलं. हातमोजा चढवून, तेल लावून तिने तपासलं. अंडं जवळच आहे, पण ओढायचं नाही, आत फुटलं तर जिवावर बेतेल, असं तिने बजावलं. मग कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं. ताकदच नाही तर बिचारी ढकलणार कशी, असं म्हणत तिने बिस्किटांबद्दल विचारलं. नीरजाबाईंनी मान खाली घातली. पुढचे काही आठवडे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाणं, वर शिंपल्यांचा चुरा, आणि अंधाऱ्या कोपऱ्यात लवकर झोपवायचं, म्हणजे अंड्यांना जरा सुट्टी मिळेल. संध्याकाळपर्यंत मोकळी झाली नाही तर परत आणा.

हे सगळं होईतो सगुणा उमाकांतरावांच्या हातात हूं की चूं न करता बसली होती.

"आंटी, आपके मिस्टर का हाथ बहुत अच्छा है," डॉक्टर म्हणाली. "मुर्गी एकदम शांत है."

भिंतीवर म्हशींच्या जातींचा एक मोठा तक्ता लावला होता. नीरजाबाई तो तक्ता वाचू लागल्या. उमाकांतरावही तोच तक्ता वाचू लागले. दोघांपैकी कुणीही काही दुरुस्त केलं नाही.

परतताना नेहरूनगर चौकात सिग्नल लाल झाला. स्कूटर थांबली. चारी बाजूंनी ट्रक, मोटारी, रिक्षा. तेवढ्यात शालीत सगुणा एकदम ताठ झाली, तिने घशातून एक लांब, खरखरीत सूर काढला, आणि नीरजाबाईंना मांडीवर काहीतरी गरम लागलं.

"थांबा," त्या म्हणाल्या.

"थांबलोच आहो जी. लाल आहे."

"उमाकांतजी, आलं."

"काय आलं?"

नीरजाबाईंनी शालीत हात घातला आणि बाहेर काढला. हातात अंडं होतं. भलं मोठं, एका टोकाला खडबडीत, ओलसर, पण अख्खं. उमाकांतरावांनी मागे वळून ते पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. ते हसले तशी स्कूटर हलली, स्कूटर हलली तशा नीरजाबाई हसल्या, आणि सगुणाला कंठ फुटला. अंडं दिल्यावर करायचा तो सगळा गाजावाजा तिने तिथे, भर चौकात, शालीतून मान उंच काढून केला. सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न वाजू लागले. उमाकांतरावांना किक मारता येईना, कारण पायात हसण्याने बळच उरलं नव्हतं.

शेजारच्या रिक्षावाल्याने विचारलं, काय झालं. नीरजाबाईंनी अंडं उंच धरून दाखवलं. त्याने हात जोडून "बधाई हो माताजी" म्हटलं. आणि त्याच रिक्षातून एक डोकं बाहेर आलं. ते नीरजाबाईंच्या धाकट्या भावाच्या बायकोचं, प्रेमलाचं होतं. ती दुर्गला मोहननगरात राहायची आणि भिलाईला भिशीला निघाली होती.

"ताई?" प्रेमला म्हणाली. तिने अंड्याकडे पाहिलं, कोंबडीकडे पाहिलं, आणि सर्वांत जास्त वेळ उमाकांतरावांच्या पाठीकडे पाहिलं. "हे काय होऊन राहिलं?"

"प्रेमला, मोकळी झाली गं," नीरजाबाई डोळे पुसत म्हणाल्या, आणि एवढं सांगून होईतो रिक्षा पुढे निघून गेली.

चौक ओलांडून उमाकांतरावांनी एका हॉटेलसमोर स्कूटर लावली. बाहेरच्या बाकावर दोघं बसली. सगुणाला वाटीत पाणी दिलं, ते ती घटाघट प्यायली. गरम पोहे आले, जिलबी आली. उमाकांतराव जिलबीचा तुकडा हातात धरून बराच वेळ बसून राहिले. पाक मनगटावर ओघळला तरी त्यांना कळलं नाही.

"मॅडम," शेवटी ते म्हणाले, "डॉक्टरीणबाईनं मले तुमचा मिस्टर म्हटलं. मी काही बोललो नाही."

"हो."

"मी बोलाले भुललो नव्हतो. मुद्दाम नाही बोललो."

नीरजाबाईंनी हातातला चमचा खाली ठेवला.  "मी पण मुद्दामच नाही बोलले," त्या म्हणाल्या.

मग दोघांनी पोह्यांकडे पाहिलं. पोहे संपल्यावर उमाकांतरावांनी अजून जिलबी मागवली. हॉटेलवाल्याने किती विचारलं तर त्यांना आकडाच सुचेना, म्हणून ते "आणा जी" एवढंच म्हणाले. त्याने ताटभर आणली, आणि दोघांनी ती सगळी संपवली.

घरी पोचून सगुणाला उबेत ठेवून होईतो प्रेमलाची बातमी मोहननगरातून पुण्याला पोचली होती. वैभवीचा व्हिडिओ कॉल आला. तिचा चेहरा गंभीर होता.

"आई, मामी सांगतेय, तू कुण्या माणसाच्या स्कूटरवर बसून चौकात लोकांना अंडं दाखवत होतीस."

आयुष्यभर दुसऱ्यांची गणितं तपासलेल्या नीरजाबाईंनी यातलं चूक काय ते शोधून पाहिलं. काहीच सापडलं नाही. "बरोबर सांगतेय ती," त्या म्हणाल्या. "आणि वैभू, मी त्यांच्याशी लग्न करायचं म्हणतेय."

 वैभवीने आधी कोंबडी दाखव म्हटलं. सगुणा दाखवली. मग तो माणूस दाखव म्हटलं. उमाकांतराव कुंपणापलीकडे उभेच होते, कान देऊन. त्यांना फोनसमोर आणलं, तर कुठून सुरुवात करावी हे न कळून त्यांनी कॅल्शियमच्या इंजेक्शनचा सगळा वृत्तांत सांगितला. तो शेवटपर्यंत ऐकेतो वैभवी हसून हसून कॅमेऱ्याबाहेर गेली होती. परत आली तेव्हा तिने फक्त तारीख विचारली, कारण सुट्टी आधी टाकावी लागते.

भावाचं तोंड मात्र काही दिवस वाकडं राहिलं. या वयात लोक काय म्हणतील, असं तो म्हणाला. प्रेमलाने त्याला सांगितलं, की मी ताईला चौकात हसताना पाहिलं आहे, तू पाहिलेलं नाहीस, तेव्हा तू गप्प राहा. तो गप्प राहिला.

होळीनंतर दुर्गच्या कोर्टात लग्न लागलं. थोडक्यात आटपायचं ठरलं होतं, पण फर्नेसवरच्या उमाकांतरावांच्या जुन्या सोबत्यांना ते मान्य नव्हतं. सह्या करून दोघं बाहेर येतात तर फाटकापाशी वरातीत वाजवणारी धुमाल पार्टी उभी. ढोल-ताशा, भलेमोठे स्पीकर, आणि टक्कल पडलेले, चष्मे लावलेले ते सगळे गडी भर उन्हात नाचायला लागलेले. नीरजाबाई आजवर कुणाच्या वरातीत नाचल्या नव्हत्या. शाळेच्या स्नेहसंमेलनातही त्या तिकिटांच्या टेबलाशी बसायच्या. वैभवीने त्यांचा एक हात धरला, प्रेमलाने दुसरा, आणि पाय कसे टाकायचे असतात हे त्या विचारणार, तोच ढोल इतका जोरात वाजला की प्रश्न ऐकू जाणं शक्यच नव्हतं. नीरजाबाईंनी पदर खोचला आणि सुरुवात केली.