लोण्याचा वास

लोवेल ऑस्टगार्डने ग्लास खिडकीच्या उजेडात धरला, मनगटाला हलका झोका देऊन बिअर घोळवली आणि नाक काठाशी नेऊन डोळे मिटले. आजूबाजूच्या टेबलांवरचे दोघेतिघे परीक्षक आपलं काम थांबवून त्याच्याकडे बघत राहिले. पोर्टलंडमधल्या घरगुती बिअरच्या या स्पर्धेत त्याचं असं डोळे मिटणं ही वर्षानुवर्षं बघण्याची गोष्ट होती.

पण जानेवारीतल्या तापानंतर त्या मिटल्या डोळ्यांआड काहीच घडत नव्हतं. वास गेला होता तो परत आलाच नव्हता. आज सकाळी पाव करपला तेही त्याला धूर दिसल्यावर कळलं. हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. इंडिया पेल एल या कडवट बिअरचं टेबल म्हणजे लोवेलचं टेबल, हे ठरूनच गेलेलं. ते सुटलं तर आपण कोण, हा विचार मनात आला की तो उठून घरातल्या घरात फेऱ्या मारत सुटे.

कडवटपणा जिभेला कळत होता. बाकीचं सवयीने भरून काढता येत होतं. त्याने लिहिलं: पाइनचा चीक, ग्रेपफ्रूटची साल, स्वच्छ कडू शेवट. पन्नासपैकी एक्केचाळीस.

समोर बर्निस टॅलमन बसली होती. चाळिशीची, शाळेची बस चालवणारी, परीक्षक म्हणून पहिल्यांदाच आलेली. ती पुन्हापुन्हा ग्लास हुंगत होती आणि टेबलाखाली तिचा पाय सारखा हलत होता.

"किती दिलेस?" लोवेलने विचारलं.

"सत्तावीस. तुम्ही?"

"एक्केचाळीस."

तिचा चेहरा पडला. दोन परीक्षकांच्या गुणांत एवढं अंतर चालत नसे. बोलून जवळ यावं लागे.

"मला लोण्याचा वास आला हो," ती हळूच म्हणाली. "सिनेमाला गेलं की पॉपकॉर्नवर ओततात ना, तसा. हॉप्सच्या फुलांचा कडवट वास असतो ना, त्याच्यामागे दडलेला. पण तुम्हाला आला नाही म्हणजे माझंच चुकलं असणार. सकाळी मफिन खाल्लं ना मी, त्याचाच असेल."

तिने खोडरबर उचललं.

"काय बर्निस!" शेजारच्या टेबलावरून रॉस्को ओरडला. "पहिल्याच दिवशी देवाशी भांडतेस होय?"

सगळे हसले. तीही हसली, लाल झाली, आणि कागदावर जोरजोरात खोडरबर घासू लागली.

लोवेलने खुर्ची मागे सरकवली, पुन्हा पुढे ओढली. त्याला काही बसवेना. शेवटी त्याने ग्लास परत उचलला. या वेळी नाकापाशी न नेता एक मोठा घोट घेतला आणि जिभेने टाळूला लावून धरला. आधी फक्त कडू. मग, कडूच्या खाली, काहीतरी गुळगुळीत, तेलाचा पातळ थर असावा तसं. यीस्टला काम पुरं करू दिलं नाही की बिअरला लोण्याचा वास येतो आणि ती जिभेवर अशी बुळबुळीत लागते. नवख्यांना हे त्यानेच शिकवलं होतं.

"थांब. खोडू नकोस."

"अहो, पण..."

"लोणी आहे. तुझं बरोबर आहे."

तिचा चेहरा उजळला. "म्हणजे तुम्हालाही आला वास?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. ते त्याच्या ओठांवर आलंही होतं.

"नाही," तो म्हणाला. "मला वासच येत नाही, बर्निस. जानेवारीपासून."

ती हळहळेल, निदान 'अरेरे' तरी म्हणेल, असं त्याला वाटलं होतं. तिने खोडरबर खाली ठेवलं. तिची नजर त्याच्या कोपराशी रचलेल्या गुणपत्रिकांवर गेली.

"मग सकाळपासूनच्या या सगळ्या?"

त्यांचा विचारच त्याने केला नव्हता.

"त्यातल्या एका बिअरला तुम्ही वीस दिलेत," बर्निस म्हणाली. "माझे छत्तीस होते. मी खोडले."

लोवेलने कागद गोळा केले. ते एकसारखे करायला त्याला नेहमीपेक्षा वेळ लागला. मग तो उठला आणि टेबलांमधून वाट काढत मुख्य परीक्षक कोरा प्रुइटकडे निघाला. रॉस्कोने मध्येच त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याने वळून पाहिलं नाही.

"आलास?" कोरा हात पुसत म्हणाली. "सांग लवकर, तुमच्या टेबलावरची कुठली बिअर पुढच्या फेरीत पाठवायची?"

"अजून कुठलीच नाही. सगळ्या परत ओतून चाखाव्या लागतील. आणि माझ्या खुर्चीवर दुसरं कुणीतरी बसव."

कोरा हसली. लोवेलच्या थट्टेची तिला सवय होती. तिचं हसू ओसरेपर्यंत तो कागद हातात धरून तसाच उभा राहिला.