लाल घागरा, काळानिळा घागरा

लाल पट्टा

"आल्वीने, घाल हा. धरून धरून बोटं अवघडली माझी."

"मग ठेवा की खाली, वन्सं."

एल्त्सने काळानिळा घागरा मागावर आपटला. आल्वीने जाळं शिवत राहिली. तिच्या अंगावर लाल पट्ट्यांचा घागरा होता. बेटावर बाईच्या घागऱ्यावरून घर कळतं. लाल, म्हणजे घरचा पुरुष आहे. काळानिळा, म्हणजे गेला. तो आधी बायकोने घालायचा, मग घरातल्या बाकीच्यांनी. बायकोने घातला नाही तर बहिणीलाही घालता येत नाही.

युद्धाच्या शेवटच्या शरदात आल्वीनेचा नवरा आदू होडीतून स्वीडनकडे निघाला. मग ना पत्र, ना प्रेत. याला नऊ वर्षं झाली.

अरुंद पट्टा

पुरुष संपले तेव्हा गाव बायकांनी उचललं. आणखी कुणी पळू नये म्हणून सैनिकांनी होड्यांना साखळ्या घातल्या. रोज पहाटे साखळी सुटायची वाट बघत पहिली उभी असायची ती आल्वीने. तिने शेजारणींची छपरं शाकारली. थिजलेल्या मातीत कबरी खणल्या. लग्नात नाचायचं मात्र सगळ्यांत शेवटी थांबवायची.

"एवढी लाल कुणासाठी गं?" बंदरावर कुणीतरी खवचटपणे विचारायचं.

"माशांसाठी. तुमच्यापेक्षा बरं दिसतं त्यांना!"

उसवलेला पट्टा

"तुझा नवरा जिवंत आहे ना? असू दे," एल्त्स म्हणाली. "माझा भाऊ मेलाय गं. आणि नऊ वर्षं मी लाल घालून हिंडतेय, वरातीला निघाल्यासारखी. मला रडायचंय. एकदा रीतसर रडू दे मला."

आल्वीनेची सुई थांबली. हा घागरा आपल्यालाच घालायला आणलाय, असंच ती आजवर धरून चालली होती. आता तिने तो नीट पाहिला; तो एल्त्सच्या मापाचा होता.

"तुम्ही घाला."

"बायकोच्या आधी? गाव तोंडात शेण घालेल!"

"तुमच्या एकटीच्या कशाला? मी चालेन की बरोबर."

"कशात?"

"आहे त्यातच."

दोन्ही

रविवारी चर्चच्या वाटेवर दोघी शेजारी शेजारी चालल्या, एक लाल, एक काळीनिळी. एका घरात दोन रंग गावाने पाहिले नव्हते. म्हाताऱ्या मार्गेने तोंड उघडलं, आल्वीनेकडे पाहिलं आणि मिटलं. तिच्या नवऱ्याची कबर आल्वीनेनेच खणली होती.

प्रार्थनेआधी बायका पाद्रीला नावं सांगतात: जिवंतांची वेगळी, मृतांची वेगळी. पाद्रीने दोघींचंही ऐकून घेतलं. दाढी चाचपली. मग वळून वेदीकडे गेला.

जिवंतांच्या नावांत त्याने आदूचं नाव घेतलं. थोड्या वेळाने मृतांच्या नावांतही घेतलं, त्याच आवाजात.

दोन्ही वेळा दोघींनी छातीवर क्रूसाची खूण केली.