काळ्या दगडाची पांढरी भुकटी

सुनेचा स्वभावच असा, की भिंतीला टेकायच्या आधी ती भिंतीचा भरवसा करून घ्यायची. घरातल्या टेबलाच्या चारही कोपऱ्यांना तिने कापूस बांधला होता. "हिला सशाच्या बिळातही वाघ दिसतो," असं सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या.

पण एकदा सासूबाईंबरोबर एका जुन्या देवळात पाऊल टाकलं आणि तीही क्षणभर काळजी विसरली. चुन्याचं बोट न लावता, दगडात दगड अडकवून उभा केलेला मंडप. खांबांवर पाकळ्या अशा कोरलेल्या, की फुंकर मारली तर हलतील. कडेच्या एका गार खांबाशी माणसं दाटीवाटीने बसली होती. सासूबाईंनीही तिथेच बैठक मारली आणि दीड वर्षाच्या नातीला, चिमीला, मांडीवर घेतलं.

चिमीच्या केसांत पांढरी पूड दिसली. सुनेने ती झटकली. पाच मिनिटांत पुन्हा तेच. तिने वर पाहिलं. खांबाच्या माथ्यावर, तुळईखालच्या दगडातून एक बारीक रेघ गेली होती.

ती रखवालदाराकडे धावली. "दादा, ही माणसं उठवा तिथून. वरचा दगड चिरलाय, त्याची भुकटी पडतेय."

"अहो ताई, दगड काळाकुळकुळीत आणि भुकटी पांढरी! ती दगडाची कशी असेल? पारव्यांचा प्रताप आहे तो. रोज झाडतो आम्ही."

"म्हणजे रोज पडते?"

"अगं, आपले खापरपणजोबा जन्मले नव्हते तेव्हापासून उभंय हे," सासूबाई म्हणाल्या. "नेमकं आज तुझा मुहूर्त गाठून पडणारे का? बस खाली, लोक हसताहेत."

लोक हसतच होते. एरवी ती गोरीमोरी होऊन बसलीही असती. पण कॉलेजात तीन वर्षं तिने दगडच अभ्यासले होते. ती अंगणात गेली, दोन काळे खडे उचलून आणले आणि रखवालदाराच्या तळहातावर धरून एकमेकांवर करकरा घासले.

तळहातावर पांढरी पूड पडली.

त्याने ती चिमटीत चोळली, मग खांबाजवळची चोळली. दोन्ही सारख्याच खरखरीत. त्याचं हसू मावळलं. "उठा! सगळे उठा! आधी बाहेर व्हा!"

सुनेने चिमीला उचललं. मंडप रिकामा झाला. देवळामागे फरशी बसवत असलेला पाथरवट आला, शेजारच्या खांबाला शिडी लावून वर चढला. त्याने भेगेत लोखंडी पट्टी घातली. ती वीतभर आत गेली. "अर्धा दगड सुटलाय! टेकू आणा, लवकर!"

जाड वाशांचे टेकू लागेपर्यंत अंगणातलं कुणीही हललं नाही. आता हसणारं कुणी उरलं नव्हतं.

"माझी सून आहे ती," सासूबाई एका अनोळखी बाईला सांगत होत्या. "तिची नजर म्हणजे नजर! मी आधीपासून म्हणतेय."

"कधीपासून?" सुनेने विचारलं.

"मघापासून," त्या बेधडक म्हणाल्या.

तेवढ्यात पाथरवटाने हाक मारली, "ताई, पलीकडचे चार खांब बघता का? तुमच्या डोळ्यांखालून गेलेले बरे."

एकही सूचना न देता तिने चिमीला सासूबाईंच्या कडेवर दिलं, बाह्या सरसावल्या आणि ती शिडी चढली. दगडी पाकळ्या तिच्या गालाला लागत होत्या. तिने एकेका सांध्यावरून बोट फिरवलं, फुंकर मारून पाहिली. चौथा खांब झाल्यावर ती वरूनच ओरडली,

"चारही पक्के! या बाजूने सोडा लोकांना आत!"

मंडपभर तिचा आवाज घुमला. रखवालदाराने दार उघडलं.