झुंबरबाईची मिश्री

"हिच्या कानातच काहीतरी दोष असणार, मावशी," सेविका इंद्रायणीबाई म्हणाल्या.

अठ्ठ्याण्णव सालची लोणीची अंगणवाडी. बाकीची पोरं चिमणीचं गाणं म्हणत होती आणि चार वर्षांची स्नेहल मदतनीस झुंबरबाईच्या तोंडाकडे टक लावून बसली होती. पुढ्यातली सुकडी तशीच पडली होती.

झुंबरबाई उत्तर देणार कशी? तोंडात भाजल्या तंबाखूची मिश्री होती. झाडलोट झाली की दातांना मिश्री लावायची आणि ओठ घट्ट मिटून पुढच्या कामाला लागायचं, हा तिचा लग्नापासूनचा नेम.

एवढ्यात स्नेहलची आजी, अंबाबाई, तिला न्यायला आली. "खुळीच हाय ती. उद्यापास्नं न्हाई धाडत. घरी शेरडं तरी राखील."

झुंबरबाई घाईनं बाहेर जाऊन थुंकली, चूळ भरून आली. "आगं, थांब की जरा!" तिचा आवाज निघाला आणि पोरीनं सुकडीचा घास घेतला. झुंबरबाईला नवल वाटलं. म्हणजे कान चांगले तिखट होते.

"घरी बी अशीच तोंडाकडं बघती का गं?"

अंबाबाईनं आवाज खाली आणला. "आमचा सुदर्शन वरडला तर काय न्हाई. पर व्हट मिटून गप बसला, की मग हात उठतो त्याचा. बापाला लई भेती पोर."

झुंबरबाईच्या ध्यानात आलं. रोज आपणही ओठ मिटूनच या लेकरापुढे वावरलो.

"थोडं दिस धाड तिला. मग राखू दे शेरडं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून मिश्रीची डबी घरी राहिली. डोकं ठणकलं, जांभयांनी जीव नकोसा झाला, इंद्रायणीबाईंवर ती उगाच खेकसलीही. पोर तरी तोंडाकडेच बघायची. डबी सुटली म्हणून लगेच धाक सुटतो होय!

पण एका सकाळी स्नेहल तिच्याकडे चक्क पाठ करून बसली आणि चिमणीच्या गाण्यात तोंड हलवू लागली. त्या इवल्याशा पाठीकडे बघून झुंबरबाईला भडभडून आलं.

बाहेर मोटारसायकल थांबली. दुसऱ्या कुणाच्या ध्यानात यायच्या आत स्नेहलचं गाणं बंद पडलं, मान वळली. दारात सुदर्शन उभा होता, ओठ मिटून.

"भाऊ, गाणं हून दे. मग ने," असं म्हणत झुंबरबाई दारात आडवी उभी राहिली.

मिश्रीनं काळे पडलेले दात दिसू नयेत म्हणून आजवर ती तोंडाला पदर लावूनच हसत आली होती. आज तिनं पदर सोडला, सुदर्शनकडे पाठ केली आणि गाणं संपेपर्यंत पोरीकडे बघून काळ्या दातांनिशी हसत राहिली.